कोल्हा गेल्यावर

सेमोंकाँगच्या दवाखान्यात मी लोकांना फुंकायला लावते.
पगार त्याचाच.
पुठ्ठ्याची नळी, नाकाला चिमटा आणि माझा आरडाओरडा:
जोरात, आणखी, आणखी, थांबू नका, तळ खरवडून काढा!
बाहेर खुंटांना घोडी बांधलेली.
त्यांच्या नाकपुड्यांतून वाफ फुकट निघते,
कुणी मोजत नाही.

न्ताते लेबोना पहाटे तीनला निघून खिंड उतरून आले.
खांद्याशी पिन टोचलेली घोंगडी, खिशात गोळ्यांची डबी.
अकरा वर्षांत एक गोळी चुकलेली नाही;
चुकली तर 'मापलेसा ताटच वाढत नाही म्हणे.
फुंकले.
एका सेकंदात एक लिटर, वर थोडी चिल्लर.
त्यांच्या उंचीला, त्यांच्या वयाला तीन हवे होते.

कागद त्यांनी आधी उलटा धरून पाहिला, मग सुलटा.
"मागच्या वेळी म्हणालीस ना, रक्तात तो सापडत नाही?"
नाही सापडत.
"मग चढ लागला की माझ्या छातीवर कोण येऊन बसतं?"

मी शिकलेलं सांगितलं.
की शरीराचे पहारेकरी एकदा खडबडून उठले
की पुन्हा धड निजत नाहीत;
की गोळ्या विषाणूला बांधून ठेवतात,
पण त्याच्या नावाने पेटलेलं आत धुमसतच राहतं,
श्वासाच्या वाटा सुजतात, अरुंद होतात;
की वेल्कमच्या खाणीत चौदा वर्षं
सोन्यासाठी फोडलेल्या दगडाची धूळ,
आणि दोनदा झालेला क्षय,
आणि झोपडीत जळणाऱ्या शेणींचा धूर,
यांतलं कुणाचं किती
ते या यंत्राला वेगळं काढता येत नाही.
मलाही नाही.
नदीला विचारून बघा, कुठल्या ओढ्याचं पाणी किती.

ऐकत होते की नव्हते, कोण जाणे. म्हणाले,
"नऊ वर्षांचा होतो, मेंढ्यांवर. एका रात्री कोल्हा आला.
दोन कोकरं गेली. परत कधी फिरकला नाही तो.
पण माझा कुत्रा त्या रात्रीपासून झोपेना.
वारा हलला की भुंके. गवत हललं की भुंके.
हिवाळा सरायच्या आत
त्यानं आमचीच एक मेंढी फाडली."

मग काय केलंत कुत्र्याचं?

"काय करणार. आमचाच होता."

हे मी कुठल्याच रकान्यात लिहिलं नाही.
अर्जात विडीकाडीला जागा आहे,
कुत्र्याला नाही.

मग घोंगडीच्या घडीतून त्यांनी लेसिबा काढला:
काठी, तार, टोकाला पिसाचा चपटा तुकडा.
गुराखी वाजवतात तो.
पिसाशी ओठ नेऊन श्वास सोडायचा,
आणि तसाच आत ओढायचाही;
सूर दोन्हींकडे असतो.
"तुझं यंत्र," ते म्हणाले, "फक्त जाणाऱ्याचं ऐकतं."

सोडताना सूर मध्येच तुटला.
खोकला इतका की माझा हात ऑक्सिजनच्या चावीवर गेला.
आणि मग आत घेताना
तो आला, बारीक, घोगरा,
दूरच्या उतारावरच्या जनावराला हाक द्यावी तसा.
बाकावरच्या बायका गप्प झाल्या.
बाहेर एका घोडीने कान वळवले.

पंप दिला, दोन महिन्यांचा.
तिसऱ्याचं सांगता येत नाही, रस्ता बर्फाने धरला नाही
तर ट्रक येईल.
नातवाला पिपाणी म्हणून पुठ्ठ्याची एक नळी मागितली.
खोक्यातून नवी काढून दिली,
नोंद केली नाही.

जाताना खोगिराला धरून ते बराच वेळ नुसते उभे राहिले,
एक पाय रिकिबीत.
घोडं हललं नाही.
त्याला सवय आहे.